लाइन क्लियर

दमलेल्या माणसाला काय लागतं हो? चप्पल काढायला दार, घोटभर चहा आणि कुणी काही न विचारता पाच मिनिटं पडायला जागा. रुद्राणीला एवढंही मिळत नव्हतं. शाळेतल्या पोरांचा कालवा डोक्यात घेऊन ती जुळे सोलापुरातल्या आपल्या फ्लॅटचे जिने चढायची, आणि दार उघडलं की खिडकीशी लॅपटॉपसमोर शरणप्पा. रेल्वेतनं स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालेला तिचा नवरा. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, केस चापून विंचरलेले आणि तोंड असं, की आत्ताच कुणीतरी खिसा कापलाय.

"रुद्राणी, माझं मेल उघडंना बघ."

"पासवर्ड टाकला का?"

"टाकला की."

"कुठला टाकलात?"

"तोच की. आपला."

आता 'आपला' म्हणजे कुठला, ते ना त्यांना ठाऊक ना तिला. मग अंदाजपंचे दाहोदरसे. चुकून चुकून शेवटी मोबाइलवर नंबर मागवायचा, तो टाकायचा, नवा पासवर्ड करायचा आणि तो उद्या पुन्हा विसरायचा. चहा राहायचा बाजूला. "सगळ्या जगाची मशिनं पासवर्ड लक्षात ठेवत्यात," ती करवादायची, "आपलंच तेवढं संन्यासी!"

ते संन्यासी होतं, कारण शरणप्पांनीच त्याला दीक्षा दिली होती. निवृत्त झाल्यावर त्यांच्याबरोबरचे मास्तर कुणी शेतीला लागले, कुणी नातवंडांच्या मागं. यांनी लिनक्स धरलं. झालं काय, की जुना लॅपटॉप रखडायला लागला म्हणून हे कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्या सिद्धूच्या दुकानात गेले. तो म्हणाला, "मास्तर, याच्यावर नवं विंडोज चालायचं न्हाई. लिनक्स टाकतो, फुकट आहे." फुकटचं म्हणून घेतलं आणि हे त्याच्या प्रेमातच पडले. पुढची दोन वर्षं घरात आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी लिनक्स मिळायचं.

आणि लिनक्सवर इंटरनेट बघायला ब्राउजर कुठला घ्यायचा, यावर तर मुलीला स्थळं बघावीत तशी त्यांनी एकेकाची चौकशी केली होती. या घरात ब्राउजरांना चित्रावरनं नावं पडली आहेत. शेपूट गुंडाळून बसलेला तो कोल्हा. रंगीत गोल ती चक्री. चक्री गुणाची, हे शरणप्पांनाही मान्य होतं. कन्नड पान चुटकीसरशी मराठीत करून देते, पासवर्ड जपते, लॅपटॉपवर उघडलेलं मोबाइलवरही दाखवते. "पण तेच की," ते बोट वर करून म्हणायचे. "सोय पाहिजे तर दार उघडं ठेवावं लागतं. मग आत कोण येतंय, काय बघतंय, ते आपल्या हातात न्हाई." शेवटी त्यांनी कोल्हा ठेवला. नुसता ठेवला नाही, तर बंद केला की सगळं विसरायचं अशी त्याला ताकीद देऊन ठेवला. कुठं गेलो, काय शोधलं, काही मागं ठेवायचं नाही. मुलीनं एकदा चेष्टेत विचारलं, "बाबा, तुम्ही असं काय बघता की लपवायचं?" तर केवढे चिडले! "लपवायचं न्हाई. दोन मास्तरांतलं बोलणं दोन मास्तरांत राहतं, तसं हे."

रेल्वेतलं हे त्यांचं आवडतं प्रकरण. एका स्टेशनावरनं गाडी सोडायची तर मास्तरनं पुढच्या स्टेशनाला विचारायचं, लाइन क्लियर? म्हणजे रूळ मोकळा आहे का, सोडू का? पुढच्यानं हो म्हणायचं आणि वर एक आकडा द्यायचा. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. तो आकडा ऐकायचा, तसाच परत म्हणून दाखवायचा, मगच गाडी सोडायची. तिकडनं आकडा आला नाही तर गाडी जागची हलत नाही, मग आत कोण का बसेना. दुधनीला मास्तर होते तेव्हा रेल्वेच्या क्वार्टरमध्ये घरातही हेच चालायचं. न्हाणीघर मोकळं आहे का हे विचारायलासुद्धा "लाइन क्लियर?" उत्कर्षा, म्हणजे यांची एकुलती एक लेक, शाळेच्या सहलीला जायचं म्हटलं की बापापुढं उभी राहून लाइन क्लियर मागायची. हे डोळे मिटून, गंभीर होऊन म्हणायचे, "दिलं. प्रायव्हेट नंबर एकोणसाठ." आकडा नेहमी एकोणसाठच. पोरगी "एकोणसाठ!" म्हणून धूम पळायची.

आणि मग शरणप्पा विसरायला लागले. आधी चष्मा, मग गॅस, मग माणसं. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढून लांबलचक नाव सांगितलं, पण अर्थ एवढाच, की हे वाढत जाणार. दवाखान्यातनं आल्यावर त्यांनी रुद्राणीला समोर बसवून लॅपटॉपचा मुख्य पासवर्ड सांगितला. "हा तू ठेव. या मशिनात काही नवं बसवायचं तर हा लागतो. माझ्याकडं राहायचा न्हाई आता." बोलताना आवाज हलला नव्हता. तिचंच तोंड वाकडं झालं होतं.

तेव्हापासून टेबलावर दोघंही विसरभोळे, कोल्हा आणि मास्तर. हसावं की रडावं तेच कळेना.

गेल्या महिन्यात मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. शेजारच्या मायाक्कांकडं फ्लॅटची किल्ली असते. त्या दुपारी डोकावायला आल्या तर दार सताड उघडं, मास्तर गायब. रुद्राणी शाळेतनं धावत सुटली. होटगी रोड बघितला, मठ बघितला, शेवटी सोलापूर स्टेशनावर सापडले. एक नंबरच्या फलाटावर बाकड्यावर ताठ बसलेले. पोलिसानं विचारलं तर त्यालाच दटावलं होतं, "दुधनीला चाललोय. ड्युटी आहे." गाडीत बसले असते तर? दुधनीच्या पुढं कर्नाटक. कुठं शोधणार होती ती? नोकरी सोडावी तर नुसत्या पेन्शनीत घर आणि औषधं कशी निभणार, आणि न सोडावी तर हे असे.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसा पुण्याहून उत्कर्षाचा फोन आला.

"आई, तो कोल्हा काढ. चक्री बसव. तुझ्या मोबाइलच्याच खात्यात उघडून देते. बाबा लॅपटॉपवर काय शोधतायत ते तुला शाळेत बसून दिसेल. दुधनीची गाडी शोधली की लगेच मायाक्कांना फोन करायचा."

"त्यांना विचारायला पाहिजे की गं."

"विचारलंस तर नाहीच म्हणतील. आणि हो म्हणाले तरी संध्याकाळी विसरतील. मग उपयोग काय?"

पोरगी चुकीचं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत. रुद्राणीला विचारायची भीती वाटत होती ती वेगळीच. विचारायचं म्हणजे तोंडानं सांगायचं, की अहो, आता तुमच्यावर नजर ठेवावी लागतेय. ज्या माणसानं एवढ्या गाड्या एकमेकींवर आदळू दिल्या नाहीत त्याला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? शिवाय ती दमली होती. दमलेला माणूस सोपी वाट धरतो आणि मग म्हणतो, दुसरी नव्हतीच.

रविवारी दुपारी शेंगाचटणी-भाकरी खाऊन शरणप्पा झोपले. हिनं कानाला फोन लावून लॅपटॉप उघडला. उत्कर्षा सांगेल तशा ओळी ती काळ्या चौकटीत टाइप करत गेली. मग पासवर्ड मागितला. ती एकेक अक्षर दाबू लागली, पण पडद्यावर काही उमटेना.

"अगं, काही दिसतच नाही. की-बोर्ड गेला वाटतं."

"दिसत नसतंच ते, आई. कुणी बघू नये म्हणून. तू टाकत राहा."

कुणी बघू नये म्हणून! रुद्राणीला आपल्याच हाताची लाज वाटली. पण हात थांबले नाहीत. चक्री आली. तिला सांगितलं, सगळं लक्षात ठेव, आणि जिथं बंद केलं तिथंच पुन्हा उघड. शेवटी पोरीनं आणखी एक अक्कल सांगितली आणि हिनं तीही ऐकली. चक्रीचं चित्र बदलून तिथं कोल्ह्याचं चित्र लावलं आणि खरा कोल्हा आत कुठंतरी दडवून टाकला. खोलीतनं शरणप्पांचं घोरणं ऐकू येत होतं. चोरी यापेक्षा काय वेगळी असते?

सोमवारपासून मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून ती मोबाइल उघडायची. सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. 'दुधनी आजचं हवामान.' 'गव्हाच्या हुग्गीत गूळ कधी घालायचा.' 'मडिवाळप्पा पॉइंट्समन दुधनी फोन नंबर.' दुधनीला त्यांच्या हाताखाली रूळ बदलणारा मडिवाळप्पा जाऊन वर्षं झाली होती. हे ते विसरले होते. एकदा 'सोलापूर वाडी पॅसेंजर' दिसलं तशी तिनं मायाक्कांना फोन केला. त्या लगेच गेल्या आणि चहाच्या निमित्तानं तासभर बसल्या. मास्तर घरातच राहिले. रुद्राणीनं सुटकेचा श्वास सोडला आणि मनातल्या मनात पोरीला शाबासकी दिली.

पण दार उघडलं की हवं तेवढंच आत येतं थोडंच? गुरुवारी तिला दिसलं, 'विसरणाऱ्या माणसाला कळतं का आपण विसरतोय.' त्याच्याखाली, 'बायको नोकरीला असेल तर अशा माणसाला कुठं ठेवतात.' आणि त्याच्याखाली, 'सोलापूर वृद्धाश्रम पुरुष.'

ती डबा न उघडता तशीच बसून राहिली. घरात हा माणूस एका शब्दानं बोलला नव्हता. संध्याकाळी गेली की "पोरांनी लई त्रास दिला का?" असं विचारायचा. हे त्यानं कोल्ह्याला सांगितलं होतं, कारण कोल्हा विसरतो. तिला नव्हतं सांगितलं. आणि आता तिला ठाऊक होतं, पण ते कसं कळलं हे सांगायची सोय नव्हती. त्या दिवशी घरी गेल्यावर ती उगाच म्हणाली, "तुम्ही कुठं जायचं नाही हां. हितंच राहायचं, माझ्याजवळ." शरणप्पांनी तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मोबाइल उघडला तर शोधायच्या जागी एक अख्खं वाक्य होतं.

'रुद्राणी लाइन क्लियर न घेता गाडी सोडलीस'

तिनं खाली बघितलं. सकाळची वाडी पॅसेंजर, एवढंच. मायाक्कांचा फोन लागेना. हेडमास्तरांना कसंबसं सांगून ती बाहेर पडली आणि सात रस्ता चौकातनं रिक्षा केली. वाटभर एकच धास्ती, घरी असतील का.

होते. खिडकीशी, लॅपटॉपसमोर, बटणं गळ्यापर्यंत लावून. डोळे मात्र गेल्या कित्येक महिन्यांत नव्हते इतके लख्ख.

"कोल्ह्याचं कातडं घातलंस व्हय चक्रीला?"

रुद्राणी दारातच उभी राहिली. खोटं बोलायचं त्राणही नव्हतं. "कसं कळलं?"

"माझा कोल्हा बंद केला की विसरतोय. सकाळी वाडी पॅसेंजर बघितली, बंद केलं. जेवून उघडलं, तर तीच गाडी समोर. जितं सोडली होती तितंच." ते थांबले. हातानं टेबलावरची नसलेली धूळ पुसली. "मला वाटलं गं... मला आठवाय लागलं."

रुद्राणी मटकन खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली. त्यांना फसवलं म्हणून रडली, पकडली गेली म्हणून रडली, आणि त्या एका क्षणात या माणसाला केवढा आनंद झाला असेल आणि तो आनंद कसा मेला असेल, हे डोळ्यांपुढं येऊन रडली. शरणप्पांनी तिला रडू दिलं. स्टेशनावर त्यांनी पुष्कळ रडणारी माणसं बघितली होती.

"विचारायचं होतंस," ते म्हणाले.

"विचारलं असतं तर न्हाई म्हणाला असतात."

"म्हणालो असतो. न्हाई म्हणायचा पण हक्क असतोय की माणसाला."

"आणि परत स्टेशनावर गेला असतात म्हणजे? मी कुठं शोधू? मला झोप लागत न्हाई हो. पोरांना शिकवताना माझं लक्ष दाराकडं असतं. मी दमले." हे 'दमले' तिनं आजवर कुणापुढं म्हटलं नव्हतं.

त्यांनी लॅपटॉप मिटून बाजूला सारला. मग म्हणाले, "मग आता माग."

"काय?"

"काय म्हणून विचारतीस? मास्तराची बायको ना तू?"

रुद्राणीनं डोळे पुसले. उठून सरळ उभी राहिली, पूर्वी पोरगी राहायची तशी. "लाइन क्लियर?"

"आधी ऐक. चक्रीला चक्रीच्याच तोंडानं बसू दे. माझा कोल्हा शेजारी परत आण. बाहेर जायचं, गाडीचं, ते मी चक्रीत बघीन. ते तू बघ. बाकीचं माझं मी कोल्ह्यात लिहीन. तितं डोकवायचं न्हाई."

"तुमच्या ध्यानात राहील?"

"मी विसरणार," शरणप्पा म्हणाले. "तू विसरू नको." मग त्यांनी डोळे मिटले. "लाइन क्लियर दिलं. प्रायव्हेट नंबर एकोणसाठ."

"एकोणसाठ," तिनं परत म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळं विसरले होते. रुद्राणीनं तासभर लवकर उठून भाकरी उरकल्या होत्या, कारण तिला ठाऊक होतं की आज परत पहिल्यापासून सांगावं लागणार. सांगितलं. स्टेशनाचं, पोलिसाचं, चक्रीचं. ते ऐकून शरमले, मग चिडले, मग गप्प झाले, मग आकडा दिला. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. कधी चटकन द्यायचे, कधी तिची बस चुकायची, आकडा मिळाल्याशिवाय ती उंबरा मात्र ओलांडायची नाही. रोज सकाळी त्या माणसाला त्याचा आजार नव्यानं सांगायचा, हे काय सोपं काम आहे? ज्याचं जळतं त्याला कळतं. पण आकडा दिल्यावर त्यांची मान जी ताठ व्हायची, ती दुपारपर्यंत टिकते असं मायाक्काही म्हणायच्या.

उत्कर्षा फोनवर वैतागली. "आई, रोज कशाला जीव काढतेस? एकदा हो म्हणालेत की."

"हो म्हणाले ते कालचे, बाळा. आजच्यांना नको विचारायला?"

असे पुष्कळ दिवस गेले. त्यांचं मराठी कमी कमी होत गेलं आणि लहानपणचं कन्नड वर येत गेलं. कोल्हा उघडून, की-बोर्डवर हात ठेवून ते नुसतेच बसायचे. तिथं ते काय लिहीत होते, काही लिहीत होते की नाही, हे रुद्राणीनं कधी बघितलं नाही.

मग एका सोमवारी ती पर्स खांद्याला लावून, चपला घालून त्यांच्यापुढं उभी राहिली. पोरांची परीक्षा होती, लवकर पोचायचं होतं.

"अहो, लाइन क्लियर?"

शरणप्पांनी वर बघितलं. "एनु?"

एनु म्हणजे काय. तिनं पुन्हा विचारलं. स्टेशनाचं सांगितलं, चक्रीचं सांगितलं, मराठीत सांगितलं, मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं. ते भल्या माणसासारखं ऐकत होते. काहीतरी द्यायचंय एवढं त्यांना कळत होतं. ओठ हलत होते, बोटं सदऱ्याच्या खिशात शोधत होती. खिशात कंगवा होता, तो त्यांनी पुढं केला.

एकोणसाठ म्हणा, एवढंच तिनं म्हणायचं होतं. म्हणा एकोणसाठ, आणि ते म्हणाले असते. त्यांनी तिचं सगळं ऐकलं असतं आता. शब्द तिच्या जिभेवर आला होता. पण ज्यानं गाडी सोडायची त्यानंच आकडा सांगायचा, मग ते लाइन क्लियर कसलं? तसं करणाऱ्या मास्तरांचं काय होतं, हे तिनं याच माणसाकडनं ऐकलेलं होतं.

तिनं कंगवा घेतला. त्यांचे केस पुन्हा एकदा विंचरले. मग हेडमास्तरांना फोन लावला.

"सर, मी आज येत नाही."

"अहो मॅडम, परीक्षा आहे! बरं, उद्या तरी?"

"उद्याचं उद्या सकाळी विचारून सांगते."

"कुणाला विचारून? डॉक्टरांना?"

"नाही," रुद्राणी म्हणाली. "यांना."

तिनं फोन ठेवला, पर्स खुंटीला लावली आणि चपला काढून दाराशी ठेवल्या.